सुपारीच्या डब्यातले बोल्ट

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत एकच प्रश्न फिरत असतो, यंदा कुठे? कुणी कोकण म्हणतं, कुणी लेकीकडे नाशिकला. मला विचारलं की मी खरं तेच सांगते, अक्काच्या शेतात चिंध्या बांधायला. समोरच्या वहिनींना दर वर्षी ही थट्टाच वाटते. तुमचं आपलं काहीतरीच मॅडम, असं म्हणून त्या हसतात. मीही हसते आणि कपाटातून दोन विटलेल्या साड्या काढून पिशवीत कोंबते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. चाळीसगावपासून अर्ध्या तासावर, गिरणेच्या अंगाला तिचं गाव. आखाजीच्या चार दिवस आधी तिचा फोन येतो, त्यात यंदाही खंड पडला नाही. ख्यालीखुशाली विचारत बसणं तिच्या स्वभावात नाही. दहावीचे पेपर तपासून झाले का, एवढं विचारलं आणि लगेच हुकूम सोडला, "लाल चिंध्या ज्यास्त लई ये. पिवळ्या उनमा दिसतस नही." फोन बंद. बावन्न वर्षांची झाले मी, मुलगी कॉलेजात आहे, पण त्या हुकमानं जीव कसा हलका होतो हे कुणाला सांगून कळायचं नाही.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इतर ठिकाणी त्या दिवशी सोनं घेतात, आमच्या खान्देशात लेकी माहेरी येतात. निंबाला झोके टांगले जातात, घरोघर सांजोऱ्या तळतात, गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. आमचे आईवडील गेले, भाऊ आम्हाला नव्हताच. तेव्हापासून अक्काचं घर हेच माझं माहेर. सासुरवाशीण म्हणून ती गेली तेच घर माझं माहेर होऊन बसलं, हे आठवलं की अजूनही गंमत वाटते.

तर चिंध्या. अक्काचं साडेचार एकर रान नदीच्या बाजूचं, वरून काळंभोर, खाली गोटेच गोटे. पाण्यानं वर्षानुवर्षं आणून टाकलेले. कपाशी निघाली, पऱ्हाटी उपटून झाली, रान उन्हात तापत पडलं की मशागतीच्या आदल्या दिवशी अक्का पहार घेऊन रानात उतरते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओळ धरून, चालत. पाय सांगतो तिला कुठे काय आहे ते. जो गोटा निघतो तो पहारीनं उकरून बांधावर टाकायचा. जो निघत नाही, त्याच्या शेजारी पऱ्हाटीची काडी रोवायची आणि तिला चिंधी बांधायची. काडी रोवते ती, चिंधी बांधते मी. दुपारपर्यंत रानभर आमच्या साड्या फडफडत असतात. ही अक्काच्या लेकाच्या, महेशच्या मुंजीतली, ती माझ्या डोहाळजेवणाची, ती आईची नारळी काठाची. अक्का बांधावर बसून तांब्यातलं पाणी पिते आणि एकेका साडीवर बोलते, त्या वेळी कोण रुसलं होतं, कुणी जास्त जेवलं होतं. दिवस कुठे जातो कळत नाही.

हा सगळा खटाटोप तिच्या ट्रॅक्टरसाठी. ट्रॅक्टर म्हटलं की डोळ्यांपुढे येतं तसलं धूड नव्हे. निळा, बुटका, अरुंद, लिंबाच्या दोन ओळींतून अंग चोरून जाणारा. दाजी गेले त्याच्या पुढच्या वर्षी अक्कानं तो घेतला. दाजी म्हणजे तिचे यजमान. माणूस अबोल, सुपारीचा शौकीन, पितळी डबा कायम खिशात. ते गेल्यावर गावातल्या बायकांना वाटलं, आता ही पुण्याला लेकाकडे जाईल, नातवंडं खेळवेल. हिनं चाळीसगावला जाऊन ट्रॅक्टर आणला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी चालवायला शिकली. पहिल्या दिवशी बांध ओलांडून शेजाऱ्याच्या मक्यात गेली होती. अजून तो शेजारी मक्याचं नाव काढून चिडवतो तिला.

तिचा मुलगा महेश पुण्यात यंत्रांच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. पोरगा वाईट नाही, मायेचाच आहे. पण ट्रॅक्टरमागे रोटर गरगर फिरतोय आणि त्याच्याजवळ आपली आई पदर सांभाळत उभी आहे, या नुसत्या कल्पनेनं त्याची झोप उडाली होती. रोटर म्हणजे रोटाव्हेटर, ट्रॅक्टरच्या मागे लावतात तो पात्यांचा आडवा नळा. ट्रॅक्टरच्या पाठीतून फिरता दांडा निघतो, तो रोटरला जोडला की पाती फिरतात आणि ढेकळांचं पीठ होतं. त्या दांड्यात पदर गेला तर माणूस जातो. महेशनं एक अट घातली. एक हंगाम तुला देतो, म्हणाला, पण काही लागलंसवरलं, काही मोडतोड झाली, तर शेत बटाईनं, म्हणजे दुसऱ्याला वाट्यानं कसायला द्यायचं आणि मुकाट्यानं पुण्याला यायचं. अक्का म्हणाली, बरं. चार वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. मला जो आठवत राहतो तो हाच.

अट ऐकून अक्कानं काय केलं, तर ट्रॅक्टरवर साडी नेसणंच सोडलं. सलवार, वर दाजींचा फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल. किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. रोटरजवळ कुणीही जायचं म्हटलं की आधी फिरता दांडा बंद, मग इंजिन बंद, मग किल्ली गळ्यात, मग खाली उतरायचं. चार पायऱ्या. देवाची पूजा करताना एखादं फूल विसरेल, पण यातली एक पायरी चुकायची नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, अक्का, किल्ली घालीसन मिरवस का? अक्का म्हणायची, हां, नवा दागिना शे मना.

पहाटेची सुरुवात ग्रीसच्या वासानं. मी ओट्यावर चहा घेत बसलेली असायची आणि ती ट्रॅक्टरखाली अर्धी घुसून, दांड्याच्या दोन्ही सांध्यांना ग्रीस भरत असायची, लहान पोराच्या सांध्यांना तेल लावावं तसं. ठिबकच्या नळ्या तिनं आधीच गुंडाळून निंबाच्या फांदीला टांगलेल्या असत. एक नळी चुकून रानात राहिली तर रोटर ती अंगाभोवती गुंडाळून घेतो आणि घुसमटून बसतो. रानात गेल्यावर इंजिन हळू ठेवून मग दांडा चालू करायचा, रोटर हलकेच टेकवायचा, पहिल्या फेरीत वरवर, दुसरीत खोल. वळताना रोटर उचलायचा आणि उचलला की फिरता ठेवायचा नाही. मी म्हणायची, अक्का, केवढे हे लाड. ती म्हणायची, लहान जीव शे, त्याले झेपी तितलंच करानं.

आणि तो बोल्ट. फिरत्या दांड्याच्या तोंडाशी, जिथे तो रोटरला जोडतात, तिथे करंगळीएवढा एक बोल्ट असतो. दिसायला किरकोळ. चाळीसगावच्या इस्माईल मिस्त्रींनी ट्रॅक्टर देताना तो अक्काला हातात घेऊन दाखवला होता. इस्माईलभाई साठीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, अक्काला सख्ख्या बहिणीसारखे मानतात. मोठ्या यंत्रांना घसरणाऱ्या चकत्या असतात, तुमच्या या लहानग्याला फक्त हाच एक रखवालदार, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यांचे शब्द अक्काला तोंडपाठ होते आणि तिच्यामुळे मलाही झाले. "अक्का, हा बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवलेला आहे. खाली काही अडकलं की आधी हा मरतो. हा मेला की समजा, बाकी सगळं जिवंत आहे."

कच्च्या बोल्टांची एक पुडी त्यांनी बांधून दिली. अक्कानं ते दाजींच्या सुपारीच्या डब्यात भरले. डबा नुसता पडून होता, दाजींच्या मागे कुणाला सुपारीचं व्यसन नव्हतं. उघडला की लोखंडासोबत कातरलेल्या सुपारीचा जुना वास यायचा. तुटलेल्या बोल्टचा डोक्याकडचा तुकडाही ती त्याच डब्यात ठेवायची, झाकणाकडच्या लहान कप्प्यात. कशाला ठेवतेस विचारलं तर म्हणायची, राहू दे वं, इमानदार व्हतात बिचारा.

त्या वर्षी आखाजी झाली, सांजोऱ्या संपल्या, दाजींच्या नावाची घागर भरून झाली आणि आम्ही रानात उतरलो. माझ्याकडे बोल्ट बदलायचं काम होतं. अक्कानं मला शिकवलं होतं, मीही पाना धरायला शिकले होते, मुलीला फोटो पाठवले होते. पण काय सांगू, त्या वर्षी रानानं छळलं. चिंध्या बांधूनही खालून नवा गोटा निघायचा. टक् असा आवाज यायचा, रोटर थांबायचा. ट्रॅक्टर नुसताच पुढे. मग चार पायऱ्या, मग मी डबा घेऊन पळत जायची, तुटका तुकडा ठोकून काढायचा, नवा घालायचा, अक्का वाकून बघायची, हूं म्हणायची, मग पुन्हा सुरू. पुन्हा चार सऱ्या गेल्या की टक्. वर मे महिन्याचं खान्देशातलं ऊन. सकाळी दहालाच लोखंडाला हात लावला की चटका बसायचा. अक्काच्या शर्टावर मिठाच्या रेघा उमटायच्या. तिचे गुडघे दुखायचे, प्रत्येक उतरण्याला ती ओठ मिटून घ्यायची आणि मला ते बघवत नव्हतं.

एका सकाळी तीन तुटले. माझं डोकंच फिरलं. असला कसला बोल्ट, म्हटलं, खडूसारखा मोडतो. त्या दुपारी किराण्यासाठी मी चाळीसगावला गेले ती हार्डवेअरच्या दुकानात शिरले. इस्माईलभाईंकडे मुद्दाम गेले नाही. दुकानदाराला तुटका तुकडा दाखवला आणि म्हटलं, याच मापाचा, पण तुमच्याकडचा सर्वांत कडक द्या. त्यानं कशाला हवा ते विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. चकचकीत, काळसर, डोक्यावर आकडे उठवलेला बोल्ट त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. वजनालाच भारदस्त. पर्समध्ये टाकला तेव्हा मला वाटलं होतं, अक्काच्या गुडघ्यांना मी औषध घेऊन चाललेय. देवाशपथ, एवढंच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी पहिला टक् झाला तेव्हा डब्यातला बोल्ट काढायचं नाटक करून मी पर्समधला घातला. अक्का वाकून बघायला आली तर म्हटलं, तू बस, मी घट्ट केलाय. पहिल्यांदाच तिनं माझ्यावर सोडलं. आणि त्या दिवशी काय चाललं रान! सरीमागून सरी, एकदाही थांबणं नाही. लिंबाच्या ओळी संपल्या, विहिरीकडचा तुकडा संपला. मी बांधावर बसून मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होते. संध्याकाळी अक्का हात धुताना म्हणाली, आज एकबी तुटना नही, नवलच शे. तेव्हा सांगायला हवं होतं. मी नुसती हसले आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, नऊ वाजले असतील. बांधाच्या कोपऱ्यात पूर्वी एक बोर होती, दाजींनी तोडलेली. तिचं खोड वर कुठे दिसत नव्हतं, म्हणून तिथे चिंधी नव्हती. रोटर तिथे पोचला आणि टक् झालं नाही. झालं ते वेगळंच. ट्रॅक्टर जागच्या जागी उचलल्यासारखा झाला, पोटातून हाडं मोडल्यासारखा आवाज आला, इंजिन बंद. धुळीत सगळं शांत. होला घुमत होता कुठेतरी, तेवढं ऐकू आलं.

अक्का घाबरली तरी चार पायऱ्या विसरली नाही. किल्ली गळ्यात घालून उतरली, वाकली, ओल्या फडक्यानं बोल्टावरची माती पुसली. बोल्ट ठणठणीत होता. एक ओरखडा नव्हता त्याच्यावर. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"हाऊ कोना शे?"

माझा, म्हटलं. कालपासून आहे. कडक आहे, म्हणून आणला.

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "तो तुटासाठेच व्हता वं, सुमी," एवढं म्हणाली आणि फडकं झटकत, "शाळामा तू पोरेसले काय शिकाडस?"

काय शिकवते? विज्ञान शिकवते. पंचवीस वर्षं दहावीच्या पोरांना वितळतार शिकवते. घरात वीज वाढली की आधी ती वितळते, म्हणून बाकीचं घर वाचतं. वितळतारेच्या जागी जाड तार का घालू नये, दोन कारणे लिहा. याच प्रश्नाचे गठ्ठेच्या गठ्ठे मी महिन्यापूर्वी तपासले होते, चुकलेल्यांना लाल पेननं शून्य दिलं होतं. आणि अक्काच्या ट्रॅक्टरमध्ये मीच जाड तार घालून बसले होते. कपाळावर हात मारून घ्यावा म्हटलं तर हाताला ग्रीस.

इस्माईलभाई मोटरसायकलवरून आले. ट्रॅक्टरचं मागचं अंग उघडलं, काळ्या तेलातून दोन दात बाहेर काढून फडक्यावर ठेवले. गिअरचे दात. मग बोल्ट हातात घेतला, फिरवला, आकडे वाचले. त्यांना एका नजरेत कळलं, पण त्यांनी कुणाचं नाव विचारलं नाही. सामान धुळ्याहून मागवावं लागेल, आठ-दहा दिवस, म्हणाले. ते दात फडक्यावर पडले होते तिकडे अक्का बघत होती आणि मी अक्काकडे. आम्हां दोघींनाही एकच गोष्ट दिसत होती. मोडतोड झाली होती. महेशची अट.

महेशचा फोन रोज दिवेलागणीला येतो. अक्का चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती, फोन माझ्या हातात, आवाज मोठा केलेला. तिनं लपवलं नाही काही. ट्रॅक्टर बंद पडला, गिअर गेला, म्हणाली. तो विचारणारच होता, कसा गेला. मी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, "मना हातनी चूक. कडक बोल्ट मीच टाका."

मग महेश हळूच म्हणाला, आई, आपलं ठरलं होतं ना. ती म्हणाली, हां, ठरेल व्हतं. तवा तापला होता. तिनं भाकरी टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली. साडेचार एकर रान हातातून गेलं होतं आणि ती भाकरी फुगते की नाही ते बघत होती.

फोन ठेवल्यावर मी तिच्यावरच चिडले. खोटं कशाला बोललीस म्हटलं, माझ्यामुळे शेत घालवतेस? ती ठेच्याची वाटी माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "तो माले बोलस, ते चालस. तुले बोलाले नको. तू रुसीसन गई तर चिंध्या बांधाले कोन येई?"

भाकरी गरम होती, ठेचा तिखट होता, डोळ्यांतून पाणी आलं त्याचं निमित्त मिळालं तेवढं. शेत गेलं तर चिंध्या बांधायच्या कुठे, हे तिला सुचलंच नव्हतं. किंवा सुचलं असेल. शेत आणि बहीण यांत आधी काय वाचवायचं हे तिनं भाकरी थापता थापता ठरवून टाकलं होतं, आणि मी विज्ञान शिकवते!

सकाळी ती गोठ्याकडे गेली तेव्हा मी विहिरीच्या कठड्याशी जाऊन महेशला फोन लावला. सगळं सांगितलं. दुकान, पर्स, नाटक, बोरीचं खोड, काही ठेवलं नाही. त्याला रागवायची संधी द्यावी म्हणून थांबले. त्यानं आधी विचारलं, मावशी, तू फिजिक्स शिकवतेस ना? मी म्हटलं, हो रे बाबा, घे बोलून. त्यानं दुसरंच विचारलं. आईनं कधी बोल्टाच्या जागी खिळा घातला, तार घातली, गजाचा तुकडा घातला? लोक घालतात. मी म्हटलं, कधीच नाही. मग म्हणाला, आतापर्यंत किती तुटले असतील?

सुपारीचा डबा आणला. ओट्यावर दाजींचा रुमाल पसरून त्यावर झाकणाकडचे तुकडे ओळीनं मांडले. एकोणीस निघाले. फोटो काढून पाठवला. पाच मिनिटांनी त्याचा फोन आला तेव्हा आवाज वेगळा होता.

"म्हणजे एकोणीस वेळा आई थांबली, मावशी. एकोणीस वेळा किल्ली काढून खाली उतरली आणि स्वतः एकदाही दुसरं काही घातलं नाही. मी इथे रोज मशीनवर शिकलेली माणसं बघतो. एवढं कुणी करत नाही."

मी रडले की हसले, आता आठवत नाही. कठड्यावर बसून राहिले एवढं खरं.

सामान आलं त्या शनिवारी तो स्वतःच आला. बटाईचा विषय त्यानं काढला नाही आणि अक्कानंही काढला नाही. इस्माईलभाईंच्या जोडीला बसून त्यानं शर्टाच्या बाह्या सारून नवा गिअर बसवला. पुण्याहून कच्च्या बोल्टांचा एक खोका घेऊन आला होता. अक्का म्हणाली, आठे भेटतस, तू कसाले वझं वाहीसन लयना? पण खोका तिनं देवघरात ठेवला दोन दिवस. बोरीच्या खोडाजवळ त्यानं पहारीनं उकरून पाहिलं, मुळी पार खोल गेलेली होती, निघेना. तेव्हा अक्कानं मला हाक मारली. मी त्या दिवशी नेसले होते त्या लाल साडीचा काठ फाडून घेतला आणि तिथे काडीला बांधला. "हाऊ खुंट तुना शे," म्हणाली. रान मृगाच्या आधी तयार झालं. त्या वर्षीची कपाशी कशी आली ते मला नीट आठवत नाही, बरी आली असावी.

चार वर्षं झाली. अक्का बासष्ट वर्षांची आहे, ट्रॅक्टरचा निळा रंग उडाला आहे, गुडघ्यांना पट्टा लागला आहे. महेश अट हा शब्दच विसरला. वितळतार शिकवायची वेळ आली की मी वर्गात एक तुटका बोल्ट फिरवते, अक्काकडून मागून आणलेला. पोरं तो हातात घेऊन बघतात. एकदा एका पोरीनं विचारलं, मॅडम, कडक बोल्ट कुणी घालतं का? मी म्हटलं, घालतात गं, शिकलेले लोक पण घालतात.

परवा आखाजी झाली. सांजोऱ्या खाऊन जड झालो आणि कालचा आख्खा दिवस चिंध्या बांधल्या. बोरीच्या खुंटावर माझीच लाल चिंधी, तो मान दुसऱ्या कुणाला मिळत नाही. आज सकाळी अक्का ट्रॅक्टरवर चढली. मी बांधावर, निंबाखाली, मांडीवर सुपारीचा डबा. पाचव्या सरीला टक् झालं. दांडा बंद, इंजिन बंद, किल्ली गळ्यात, अक्का खाली. मी डबा घेऊन गेले. आता उतरायला तिला वेळ लागतो, मी घाई करत नाही.

नवा बोल्ट शोधताना बोट डब्याच्या तळाशी गेलं आणि एक जड, गार काहीतरी लागलं. बाहेर काढलं. काळसर, डोक्यावर आकडे. माझाच. चार वर्षं मी समजत होते की इस्माईलभाईंनी तो भंगारात टाकला.

"हाऊ कसाले ठेवेल शे?" मी विचारलं.

अक्कानं दाजींच्या शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. माझ्या हातातून तो बोल्ट घेतला, तळाशी जागेवर ठेवला.

"बाकीना तुटनात म्हनीसन ट्रॅक्टर चालस. हाऊ तुटना नही म्हनीसन तू दरसाल येस."

मी तिला सांगितलं नाही की मी त्याच्यासाठी येत नाही. तिला ते माहीत आहे. नवा कच्चा बोल्ट काढून दिला, तिनं वाकून बघितलं, हूं म्हणाली, आणि मी चिंध्यांच्या पलीकडे जाऊन उभी राहिले.